सेतुमामांनी न विचारलेला प्रश्न

सेतुमामांच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर असे. ताप मोजायचा नव्हे, फ्रिज मोजायचा. तंजावरच्या आमच्या मेल वीथीत तेव्हा घरोघर फ्रिज यायला लागले होते. फ्रिज आला की आधी त्याच्या दाराला कुंकू लागायचं आणि मग सेतुमामांना बोलावणं जायचं. मामा पायरीशी चपला काढून यायचे, कॉफीला 'मागून', म्हणजे नंतर, म्हणायचे, फ्रिज उघडून थर्मामीटर आत ठेवायचे आणि दार लावून समोर खुर्ची ओढून बसायचे. घरातली सगळी मंडळी मागे उभी. बऱ्याच वेळानं मामा दार उघडून चष्मा कपाळावर चढवत आणि निकाल देत, "दोश्याचं पीठ जगेल. लस मरेल."

आमच्यापैकी कोणालाच फ्रिजमध्ये लस ठेवायची नव्हती, हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. उलट 'अमक्यांच्या फ्रिजमध्ये लस जगते' ही त्या काळात आमच्या गल्लीतली मोठी प्रतिष्ठा होती.

डॉक्टर सेतुराव मद्रासच्या एका सरकारी लसकेंद्रात आयुष्यभर नोकरी करून, तिथले प्रमुख म्हणून निवृत्त होऊन तंजावरला परत आले होते. ते केंद्र पीतज्वराची लस देई. पीतज्वर आमच्याकडे कोणी पाहिलेला नाही; तो आफ्रिकेतला, डासांचा आजार. पण आफ्रिकेत जायचं तर ती लस टोचून घेऊन पिवळं कार्ड खिशात ठेवावंच लागतं, आणि देशात ती मोजक्याच ठिकाणी मिळते. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्यातली मुलं एकाएकी आफ्रिकेला निघाली. कोणी लागोसच्या कापड गिरणीत, कोणी नैरोबीत हिशेबनीस. तोवर आमची धाव फार तर मद्रासच्या सेक्रेटरिएटपर्यंत होती. त्यामुळे ज्याला त्याला सेतुमामा लागत. मामा आधी घरी बोलावून तपासत आणि मग स्वतः बरोबर मद्रासला नेत. सख्खे मामा ते कोणाचेच नव्हते, पण भोसल्यांच्या राज्याबरोबर तंजावरात आलेल्या आम्हा मराठी ब्राह्मणांच्या घरांत त्यांना दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे.

मी तेव्हा मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. लग्न होऊन पुण्याला आले आणि देवनागरी नीट लिहायला इथंच शिकले. आमच्याकडे मराठी बोलायची आणि तमिळ लिहायची. म्हणून मामांचं बोलणं इथं जसंच्या तसं उतरवताना माझी जरा तारांबळ होते. आम्ही 'पाहिजे'ला 'होणं' म्हणतो, 'सगळं'ला 'अस्कं' म्हणतो, आणि मध्येच तमिळमध्ये घुसतो. पुण्याच्या माझ्या सासूबाई याला गंमत म्हणतात. असो.

मामांची ही लस जिवंत असते. ती ते आमच्या आईला समजावत होते तेव्हा मी तिथंच भाजी निवडत होते. "विरजणागत असती, अक्का. उन्हात ठेवलीस की मरती. मेलेल्या विरजणानं दही लागंल काय?" मग त्या लशीनं शरीरात काय होतं ते सांगताना त्यांनी भागवत मेळ्यातला हिरण्यकशिपू काढला. वैशाखात खेड्यातल्या देवळापुढे रात्रभर नाटक होतं, त्यात मिशा लावलेला हिरण्यकशिपू आला की लहान पोरं किंचाळतात. "तो खरा दैत्य न्हवे. पण पोर तेचं तोंड ध्यानात ठेवतं की नाही? लशीतला विषाणूही तसलाच. दात पाडलेला. शरीर तेला एकदा निरखून घेतं. पुढं खरा आला की दारातच धरतं. शरीर विसरत नाही."

'शरीर विसरत नाही' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मला ते फार आवडायचं. आता आवडत नाही.

त्यांच्या खरेपणाची गावभर ख्याती होती आणि ती काही फुकटची नव्हती. साउथ मेन रोडवर एका ट्रॅव्हल एजंटानं दुकान थाटलं होतं. तो सुई न टोचताच पिवळ्या कार्डावर शिक्का मारून द्यायचा. लोकांना सोयीचं, मद्रासची खेप वाचे आणि दंडही दुखत नसे. मामांना कळलं तशी त्यांनी मोपेड काढली, भर दुपारी त्या दुकानात गेले, काउंटरवर छत्री आडवी ठेवली आणि आत बसलेल्या गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "डास कार्ड वाचत नाही. तेला रक्त होणं." एवढं बोलून तिथंच बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एजंटानं कॉफी देऊन पाहिली, दमदाटी करून पाहिली. मामा छत्री घेऊन बसून राहत आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच एक वाक्य ऐकवत. शेवटी त्यानं शिक्के टाकून दिले आणि बसची तिकिटं विकायला लागला.

विचारायच्या बाबतीत तर मामा कोणाचा मुलाहिजा ठेवत नसत. ही लस प्रत्येकाला चालत नाही. तान्ह्या मुलाला नाही, गरोदर बाईला शक्यतो नाही, ज्याच्या शरीराची लढायची ताकद औषधांनी दाबली गेली आहे त्याला तर मुळीच नाही. दात पाडलेला दैत्यही अशा घरात धुमाकूळ घालतो. म्हणून मामा एकेकाला समोर बसवून, मनगट हातात धरून प्रश्न विचारत. आमच्या शेजारची नवी सून नवऱ्याकडे लागोसला निघाली होती. बरोबर सासरे आले होते, मोठे कडक गृहस्थ. मामांनी त्यांना सरळ सांगितलं, "राव, तुम्ही जरा बाहेर ओट्यावर बसा. मला पोरीस एक विचारणं आहे." सासरे तांबडे झाले, पण उठले. मामांनी त्या पोरीला पाळीची तारीख विचारली. निघाले दिवस गेलेले. घरात कोणालाच पत्ता नव्हता. लस थांबली, पोर सुखरूप बाळंत झाली, आणि तेच सासरे पुढे वर्षभर मामांचे गोडवे गात फिरले.

मी हे मुद्दाम सांगते आहे. माणसाला बाहेर कसं पाठवायचं आणि नाजूक गोष्ट कशी विचारायची, हे सेतुमामांना येत होतं. उत्तम येत होतं.

माझी धाकटी बहीण तुळजा हिचं लग्न लागोसच्या एका मुलाशी ठरलं. मुलगा आमच्यातलाच, कुंभकोणमच्या घरचा, गिरणीत हुद्द्यावर. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, पसंत केलं होतं, आणि तुळजा घरात गुणगुणत फिरायला लागली होती. ती एरवी गुणगुणणारी नव्हे. तिला जग बघायचं होतं. अॅटलास उघडून नायजर नदीवर बोट ठेवून ती मला म्हणायची, "अक्का, आपली कावेरी हिच्यापुढं कालवा गं."

लशीची वेळ आली. मामांनी आमच्या घरी येऊनच तिला तपासलं. तुळजा पाटावर बसलेली, आई तिच्या पाठीशी, मी दारात. मामांनी मनगट धरून एकेक विचारलं. दमा? नाही. मोठं आजारपण? नाही. कुठली औषधं? नाही. मग म्हणाले, "बाहेरचं काही खाल्लं तर अंगावर उठतं काय?"

तुळजा तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आमच्या पोरी बाहेरचं खात नाहीत, मामा. तुम्हास ठाऊक नाही काय?"

मामा हसले. "ठाऊक आहे. ठाऊक आहे." आणि मनगट सोडलं.

मद्रासला मी आणि तुळजा मामांबरोबर गेलो. केंद्रातले सगळे डॉक्टर मामांच्या हाताखाली तयार झालेले. सर आले म्हणून उठून उभे राहिले. एक तरुण डॉक्टरीण प्रश्न विचारायला लागली तर दुसऱ्यानं तिला खुणावलं, सरांनी अस्कं विचारूनच आणलंय. टोचणी झाली. मामांचा दंडक असा की टोचल्यावर अर्धा तास जाग्यावरून उठायचं नाही. ते स्वतः दारात खुर्ची टाकून छत्री आडवी धरून बसत आणि कोणी चुळबुळ केली की म्हणत, "अर्धा तास बसायचं." मुलाची आत्या मद्रासलाच राहत होती. होणारी सून गावात आलीय म्हणून ती डब्यात तयिर सादम, म्हणजे आपला दहीभात, घेऊन तिथंच भेटायला आली होती. मोठी हौशी बाई. तुळजाशेजारी बसून तिच्या बांगड्या चाचपत होती.

तुळजानं आधी तळहात खाजवले. मग मान. मग ती मला म्हणाली, "अक्का, ओठ जड वाटतायत," आणि मी पाहिलं तर ओठ सुजून वर आले होते. चेहरा लालभडक. श्वासाला शीळ वाजायला लागली. आत्याच्या हातातला डबा खाली पडला. तुळजा खुर्चीतून कलंडली आणि तिचे हातपाय झटके द्यायला लागले.

खरं ते खरं सांगते, त्या क्षणी सेतुमामांएवढा मोठा माणूस मी पाहिला नाही. छत्री टाकून ते कसे धावले, तिचे पाय कसे उशीवर उंच ठेवले, कपाटाची काच उघडत बसायला वेळ नको म्हणून अॅड्रिनलिन जवळच ट्रेमध्ये ठेवायची सवय त्यांनीच त्या केंद्राला लावली होती, ते त्यांनी मांडीत कसं टोचलं, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आहे. सत्तरीला टेकलेला माणूस जमिनीवर गुडघे टेकून "श्वास घे गं, माझी आई, श्वास घे" म्हणत होता. शीळ थांबली. तिचे डोळे उघडले. माझी बहीण त्यांनी परत आणून दिली, आणि हे मी कधीही नाकारणार नाही.

आत्या तोवर निघून गेली होती.

संध्याकाळी वॉर्डात तुळजाला जरा बरं वाटायला लागल्यावर मामा खाटेशी आले. मी तिथंच होते. इकडे तिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला आणि इंग्रजीत विचारलं, एग कधी खाल्लं होतंस का? तुळजा हळूच म्हणाली की कॉलेजात एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक खाल्ला होता. ओठ जरा सुजले होते. तिला वाटलं, वरच्या गुलाबी रंगानं सुजले. घरी बोलायची सोयच नव्हती. आमच्या घरात चातुर्मासात कांदा आला तर आई भांडं बाहेर ठेवायची.

मामांनी लांब श्वास सोडला. "तेच नडलं," म्हणाले.

मी विचारलं, "पण मामा, तेव्हाचा केक आत्ता कसा नडला?"

"ते सोड गं. शरीर विसरत नाही." मग तुळजाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आईस सांगू नकोस. ती जीव देईल. कोणासच सांगू नकोस. मी आहे न्हवे? मी सांभाळून घेतो."

तुळजा रडायला लागली आणि त्यांचा हात धरून 'थँक्यू मामा' म्हणाली. मीही मनात त्यांचे पाय धरले. केवढा मोठेपणा! पोरीचं पाप पोटात घालतायत! आम्हा दोघींना तेव्हा असंच वाटलं.

तंजावरला येऊन मामांनी आई-अप्पांना सांगितलं, उपाशी होती, उन्हानं चक्कर आली. पण आमच्याआधी आत्याचं टेलिफोनवरचं बोलणं कुंभकोणमला पोचलं होतं. मुलीला फिट येते. डोळ्यांनी पाहिलंय.

मुलाचे काका तंजावरला आले. माणूस सभ्य होता, आरडाओरडा नाही. म्हणाले, आम्हाला अफवेवर जायचं नाही, सेतुमामा सांगतील ते प्रमाण. आमच्या जिवात जीव आला. मामांच्या ओसरीवर अप्पा आणि काका बसले. आई, तुळजा आणि मी आत पद्मामामींपाशी. मामी म्हणजे मामांची बायको. तिनं कॉफी गाळायला घेतली होती, ती तशीच राहिली. खिडकीतून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

काका म्हणाले, "डॉक्टर, एवढंच सांगा. मुलीस अपस्मार आहे काय?"

एक वाक्य पुरे होतं. नाही, तिला ती लस सोसली नाही, एरवी ती ठणठणीत आहे. तुळजा माझा हात घट्ट धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर मुळीच भीती नव्हती, हे मला आठवतं. मामा सांभाळून घेणार होते.

मामा म्हणाले, "माझ्यासमोर पूर्वी कधी झालेलं नाही."

"मग हे कशानं झालं?"

"शरीर आहे, राव. कशानं काय होईल, कोण सांगणार?"

"लशीनं न्हवे?"

"लस म्हणाल तर, तुमच्या पोरानं घेतली, अजून कितीकांनी घेतली. लस बेष आहे. तीत काही खोट नाही."

काका उठले. दारात अप्पांना नमस्कार करून गेले. तुळजानं माझा हात सोडला.

तिचं पिवळं कार्ड आठवड्यात टपालानं आलं. शिक्का, सही, सगळं रीतसर. लस तिच्या अंगात भिनली होती आणि आपलं काम इमानानं करत होती. ज्या देशात ती कधी जाणार नव्हती तिथल्या तापापासून माझी बहीण पूर्ण सुरक्षित होती. लग्न मोडलं, आणि 'फिटवाली' हा शब्द आमच्या मागे लागला तो लागलाच. पुढे दोन स्थळं पायरीवरून परत गेली.

हे सगळं मी दैव म्हणून गिळलंही असतं. पण त्याच वर्षी आमच्या हायस्कुलाच्या विज्ञान मंडळानं व्याख्यानाला सेतुमामांना बोलावलं. विषय लसी. मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसले होते. मामा रंगात आले होते. हिरण्यकशिपू झाला, विरजण झालं, पोरी हसून लोळत होत्या. मग ते इंग्रजीत म्हणाले की पीतज्वराचा विषाणू लशीसाठी वाढवतात तो कोंबडीच्या अंड्यात, पिल्लू धरलेल्या अंड्यात. म्हणून ज्याला अंडं सोसत नाही त्याला ही लस जिवावर बेतू शकते. बोट वर करून त्यांनी विचारलं, "सो व्हॉट इज द फर्स्ट क्वेश्चन?" आणि पोरी एका सुरात ओरडल्या, "एग, सर!"

माझ्या हातातली वही खाली पडली. लशीतच अंडं होतं. तुळजाच्या दंडात त्यांनी अंडं टोचलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तिला मात्र सांगितलं, तुझं खाणं नडलं. स्वतःची चूक त्यांनी तिच्या पदरात बांधली होती, वर तिच्याकडून 'थँक्यू' घेतलं होतं.

मी उभी राहिले. "सर, हा प्रश्न तुम्ही सगळ्यांना विचारता?"

मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मला पाहिलं. पोरी वळून बघत होत्या.

"ऑलवेज," ते म्हणाले. आणि पुढच्या पोरीच्या प्रश्नाकडे वळले.

केसानं गळा कापणं म्हणतात ते काय, हे मला त्या वर्गात कळलं. ज्या माणसानं एजंटाच्या दारात दिवसच्या दिवस धरणं धरलं, तोच माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलला, आणि किती सहज!

शाळा सुटल्यावर मी तडक त्यांच्या घरी गेले. मामा नव्हते. पद्मामामीनं माझं तोंड पाहूनच ओळखलं असावं. माझ्यापुढे बसून ती पदरानं जमीन पुसत राहिली. म्हणाली, पूर्वी एकदा त्यांनी सांगितलं होतं. एका वैदिकाच्या घरी, अंड्यापासून करतात म्हणून. त्या घरानं मुलाचा प्रवास रद्द केलाच, वर मामांना श्राद्धाच्या पंगतीतून उठवलं. ब्राह्मणांच्या अंगात अंडं घालतोस म्हणून. "तेव्हापासून आपल्या घरांत ते 'बाहेरचं खाणं' म्हणतात. तमिळ लोकांस मुट्टै म्हणून विचारतात, साहेबांस एग म्हणून. मराठीत तो शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही गं. आता खरं बोलले तर घरोघर विचारतील, आम्हासही तेच टोचलंत काय म्हणून."

"आणि तुळजा?" मी विचारलं.

मामी उठली आणि कॉफी गाळायला लागली.

त्या रात्री माझ्याकडून सगळं कळल्यावर तुळजानं आईला स्वयंपाकघरात उभं राहून सरळ सांगितलं, मी केक खाल्ला होता, त्यात अंडं होतं, लशीतही होतं. मला वाटलं आता आकाशपाताळ एक होणार. आईनं चुलीवरचं भांडं उतरवलं. मग रडायला लागली, पण अंड्यावरून नव्हे. "तुला विचारलं होतं, आणि उत्तर मी दिलं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आईनं जीव दिला नाही. कोणीच जीव देणार नव्हतं. अप्पा मामांच्या घरी निघाले तर तुळजानंच त्यांना अडवलं. म्हणाली, मागावं लागलं ते वाक्य मला होणं नाही. कुंभकोणमच्या मुलाचं तोवर दुसरीकडे लग्नही झालं होतं.

तुळजा तिरुचीला विमा कंपनीत लागली. आजही एकटी राहते, बरी आहे, सुटीत फिरते. आफ्रिका सोडून.

मामांच्या घरी आम्ही जायचं सोडलं. ते रस्त्यात दिसले की मी बोळ बदलायचे. मी पुण्याला आल्यावर तर प्रश्नच मिटला. पण काही वर्षांनी नवरात्रात मी माहेरी गेले असताना पद्मामामीचा निरोप आला. थकलेय, पुढच्या वर्षी कोलू मांडायला मी असेन नसेन, पोरींनी कुंकवाला येऊन जावं. कोलू म्हणजे आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या बाहुल्या. मामीवर आमचा राग नव्हता. तुळजाही तिरुचीहून आली होती. म्हणाली, चल, जाऊन येऊ.

दिवेलागणीची वेळ. मामा ओसरीवर होते. खूप वाळले होते, पण खिशात थर्मामीटर होता. समोर पाटावर एक तरुण, नव्या पँटशर्टातला, आणि त्याच्या पाठीशी त्याची आई. मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीला नैरोबीला निघाला होता. मामांनी त्याचं मनगट धरलं होतं. आम्ही पायरीशी पोचलो तेव्हा त्यांची आमच्याकडे पाठ होती. तुळजा चप्पल काढायला वाकली होती आणि मामा विचारत होते, "बाहेरचं काही खाल्लं तर अंगावर उठतं काय?"

मुलगा उत्तर देणार तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "आमच्यात कोणी बाहेरचं खात नाही, मामा."

"ठाऊक आहे," मामा म्हणाले. "ठाऊक आहे."

इतक्या वर्षांनीही! निदान त्या दिवसापासून तरी ते विचारत असतील, एवढं मी मनात धरून होते, हे मला तेव्हाच समजलं.

तुळजा सरळ उभी राहिली. एका पायात चप्पल होती. पायरीवरूनच तिनं त्या मुलाला विचारलं, "अंडं. अंडं खाल्लंस का कधी? खाल्लं असशील तर काही झालं होतं का?"

मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. "शिव शिव, काय विचारतेस गं हे!"

मामा वळले. तुळजाला त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली. मुलाचं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. वर न बघताच त्यांनी तोच प्रश्न विचारला, पण तमिळमध्ये. "मुट्टै साप्टिरुक्कियाप्पा?"

मुलगा आईकडे बघत चाचरत म्हणाला, "हॉस्टेलात. ऑम्लेट. रोजच खायचो. कधी काही झालं नाही."

आईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. बस्, एवढंच. आत कोलूपुढे पद्मामामीचं गाणं चालू होतं, ते चालूच राहिलं.

"मग हरकत नाही," मामा म्हणाले. मग आमच्याकडे न बघताच त्यांनी हाक मारली, "तुळजा. आत ये. बैस जरा."

तुळजानं दुसरी चप्पल पायात घातली.

"नको, मामा," ती म्हणाली. "अर्धा तास बसणं व्हायचं नाही."

आम्ही निघालो. कोपऱ्यावरून मी मागे वळून पाहिलं. मुलगा आणि त्याची आई निघून गेली होती आणि मामा त्याच जागी बसून होते, समोरच्या रिकाम्या पाटाकडे हात तसाच पुढे केलेला.